मुलीला मेडिकल फिजिसिस्ट व्हायचंय, आईला रेडिएशनची भीती वाटते

प्रश्न : माझी मुलगी बार्शीला बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या आत्याला स्तनाच्या कॅन्सरसाठी २५ दिवस रेडिएशन दिलं, तेव्हा ही सोबत जायची. आता म्हणते, मेडिकल फिजिसिस्ट होणार. ज्या किरणांनी कॅन्सर होतो, त्यांच्यातच आयुष्यभर काम करायचं? उद्या लग्न, मुलंबाळं... मला धीर होत नाही. – एक आई

उत्तर : ताई, किरणांनी कॅन्सर होऊ शकतो हे खरंच आहे. मग त्याच किरणांनी तो बरा कसा करतात, ते आधी पाहू.

किरण पेशीतून गेले की आतल्या पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यातून तयार झालेले फ्री रॅडिकल्स, म्हणजे दिसेल त्याच्याशी झोंबणारे अस्थिर कण, डीएनए तोडतात. काही किरण थेटही डीएनएवर आदळतात. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक तुटला तर पेशी तो सहज सांधते. दोन्ही धागे शेजारीशेजारी तुटले की अवघड होतं. चुकीचा सांधा घेऊन एखादी पेशी जगली, तर बऱ्याच वर्षांनी तिच्यातून कॅन्सर उद्भवू शकतो. पण जबर मार बसलेल्या बहुतेक पेशी पुढच्या विभाजनाच्या वेळी मरतात. कॅन्सरच्या पेशी सारख्या विभागतात आणि दुरुस्तीत सहसा कच्च्या असतात, म्हणून त्या जास्त मरतात.

आत्यांना २५ दिवस का लागले, तेही यातच आहे. रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), एकूण ५० ग्रे हा जुना रुळलेला हिशेब. सगळा डोस एकदम दिला तर निरोगी पेशीही उठणार नाहीत. एका दिवसाची उसंत मिळाली की त्या बरीच डागडुजी करून घेतात. शिवाय गाठीच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी असतो आणि तिथल्या पेशी मारायला अडीच-तीनपट डोस लागतो. बाहेरच्या पेशी मेल्या की आतपर्यंत ऑक्सिजन पोचतो आणि पुढच्या खेपेला त्या तावडीत सापडतात. हल्ली स्तनाच्या कॅन्सरला १५ दिवसांत ४० ग्रेही देतात.

डोस किती आणि कुठे द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो तिथेच कसा पोचवायचा, डाव्या स्तनामागचं हृदय कसं वाचवायचं, याची सीटी स्कॅनवरची आखणी फिजिसिस्ट करतो. मशीनमधून ठरल्याइतकेच किरण निघतात ना, ही तपासणीही त्याचीच. फिजिक्स शिकून इतकं थेट माणसाच्या उपयोगी पडणारं दुसरं काम मला तरी पटकन आठवत नाही.

आता तुमची काळजी. उपचार चालू असताना खोलीत फक्त रुग्ण असतो. बाकीचे जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर, कॅमेऱ्यावर लक्ष ठेवून. लिनॅक, म्हणजे विजेवर किरण तयार करणारं मशीन, बंद केलं की त्यातले किरणही थांबतात. कोबाल्टसारख्या किरणोत्सारी स्रोतांचं तसं नाही, त्यातून किरण सतत निघत असतात; तिथे शिस्त कडक लागते. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या छातीवर अंगावर पडलेले किरण नोंदवणारा टीएलडी बॅज असतो आणि तो नियमितपणे तपासला जातो. परमाणु ऊर्जा नियामक मंडळाची कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीरावर होणाऱ्या किरणांच्या परिणामाचं माप) आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. आत्यांच्या स्तनाला रोज मिळालेले २ ग्रे याच मापात २००० होतात. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. आणि बाई गरोदर असल्याचं तिने कळवलं, की पोटातल्या बाळासाठी उरलेल्या महिन्यांत १ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते. त्यामुळे लग्न-मुलांसाठी हे क्षेत्र टाळायची गरज नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे : चुकीचा कोर्स. आधी एम.एस्सी. फिजिक्स, किमान ६० टक्क्यांनी. मग रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातला डिप्लोमा जुना आणि नावाजलेला, पण जागा मोजक्या. थेट मेडिकल फिजिक्समध्ये एम.एस्सी.ही करता येतं. पुढे रेडिओथेरपी विभागात वर्षभराची इंटर्नशिप. ‘मेडिकल फिजिक्स’ अशी पाटी लावलेला प्रत्येक कोर्स नियामक मंडळाच्या निकषांत बसतोच असं नाही. फी भरण्याआधी मंडळाच्या वेबसाइटवर पात्रता वाचा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

मुलीला मशीनपेक्षा पेशींचंच कुतूहल जास्त असेल, तर रेडिओबायोलॉजीतलं, म्हणजे किरणांचा पेशींवर काय परिणाम होतो याचं संशोधन हा निराळा रस्ता आहे; खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात कॅन्सरवर असं काम चालतं. तिथे पगाराची घाई चालत नाही, पीएच.डी.पर्यंत थांबायची तयारी हवी.

तुमच्या गावातच नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथल्या फिजिसिस्टची रीतसर वेळ मागा आणि दोघी मिळून जा. मुलीने त्यांना दिवसभराच्या कामाबद्दल विचारावं, तुम्ही त्यांच्या बॅजवरचे गेल्या काही वर्षांचे आकडे विचारा.