इंग्लंडात बीकीपिंग क्लबमध्ये नक्की काय चालतं, आणि मी याच एप्रिलमध्ये पेटी घेऊ का?

तुम्ही नुकतेच इंग्लंडात राहायला आलात, घरामागे छोटी बाग आहे, मधमाश्या पाळायची हौस आहे. क्लबात काय करतात, वसंतात पेटीची निगा कशी राखायची आणि लगेच पेटी घ्यावी का, असं विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नका घेऊ. मी घेतली होती.

माझं आजोळ महाबळेश्वरच्या डोंगरात. मामाच्या परड्यात सातेरीच्या, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाश्यांच्या, चार पेट्या असायच्या आणि मामा उघड्या हातांनी पोळ्यांच्या चौकटी उचलायचा. त्यामुळे आपल्याला यातलं सगळं कळतं अशा तोऱ्यात मी इथे पहिल्याच उन्हाळ्यात पेटी आणली. क्लबात नाव घातलं ते पेटी मेल्यावर.

मार्चचा दुसरा आठवडा होता. छान ऊन पडलं, माश्या पायांना पिवळेधमक पराग लावून येत होत्या. मी व्हिडिओ काढून मामाला पाठवलासुद्धा. मग आठ दिवस पाऊस आणि बोचरा वारा. नवव्या दिवशी झाकण काढलं तर आत आवाजच नाही. माश्या पोळ्याच्या घरांत डोकं खुपसून मेल्या होत्या, ओळीनं नुसत्या पाठी दिसत होत्या. दोन चौकटी पलीकडे मध तसाच होता, पण गारठ्यात घोळका मोडून तिथवर जाणं त्यांना जमलं नव्हतं. मला वाटलं थंडीनं गेल्या. क्लबातल्या एका आजोबांनी ते पोळं हातात घेतलं आणि एका नजरेत सांगितलं, भुकेनं.

मामाकडे माश्यांचे उपासमारीचे दिवस म्हणजे आषाढ-श्रावण. पावसात बाहेर पडता येत नाही, तेव्हा तो साखरेचा पाक ठेवायचा. फाल्गुन-चैत्र म्हणजे तिथे चंगळ, जांभूळ फुलायचं. माझ्या डोक्यात वसंत म्हणजे तोच. इथे मात्र माश्या डिसेंबर-जानेवारी घट्ट गोळा करून थोडक्या मधावर काढतात आणि खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. राणी अंडी घालायला लागली की पिल्लांची जागा 34-35 अंशांवर ठेवावी लागते. खाणारी तोंडं वाढतात, साठा तळाला गेलेला असतो आणि बाहेर फुलं जेमतेम.

म्हणून फेब्रुवारीपासून एकच काम करायचं. दर आठवड्याला पेटीची एक बाजू दोन बोटं उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, झाकण उघडायचं नाही. हलकी लागली तर फाँडंटचा, म्हणजे मळलेल्या घट्ट साखरेचा, गोळा थेट माश्यांच्या डोक्यावर येईल असा ठेवायचा. किलोला लिटर पाण्याचा पातळ पाक नंतर, हवेत ऊब आल्यावर. पराग आत जाताना दिसले म्हणजे बहुधा राणी अंडी घालतेय एवढंच समजा. खायला पुरेसं आहे असा त्याचा अर्थ नाही. मी नेमकी तिथेच फसले.

पेटी पहिल्यांदा कधी उघडायची? इथले जुने लोक कॅलेंडर बघत नाहीत. फ्लॉवरिंग करंट नावाचं गुलाबी फुलांचं झुडूप परसात फुललं की उघडायची. साधारण एप्रिल, 14 अंशांच्या आसपास, वारा नसलेली दुपार. आत राणीच दिसली पाहिजे असा हट्ट नको. घराच्या तळाशी उभं अंडं दिसलं तर ती तीन दिवसांपूर्वीपर्यंत होती, एवढं पुरे. मध किती, पिल्लं एकसारखी आहेत का हे बघा, काळी पडलेली जुनी पोळी कडेला सरकवा, तळफळी बदला आणि बंद करा. व्हरोआ, म्हणजे माश्यांच्या अंगावर जगणारा बारीक किडा, किती पडतोय तेही मोजा. हा किडा मूळचा आपल्या सातेरीच्या जातीवरचा. तिला तो सोसतो, इथल्या माशीला नाही. 1992 साली तो इंग्लंडात सापडला, तेव्हापासून इथल्या पाळणाऱ्यांच्या मागे लागलाय.

एप्रिल सरताना मोहरीच्या जातकुळीतल्या ऑइलसीड रेपची शेतं पिवळी होतात आणि वसाहत फुटायचा मोसम सुरू होतो. तेव्हा दर सात दिवसांनी बघायचंच. नव्या राणीसाठी घातलेलं अंडं तीन दिवस, मग अळी पाच दिवस, आठव्या दिवशी कोठडी बंद. त्याच सुमारास जुनी राणी निम्मी वसाहत घेऊन उडते. तुम्ही पंधरा दिवसांनी बघणार असाल तर माश्या शेजाऱ्याच्या चिमणीत सापडतील. रेपचा मध पोळ्यातच दगडासारखा थिजतो, तोही वेळेवर काढावा लागतो.

आता क्लब. हिवाळ्यात गावातल्या हॉलमध्ये व्याख्यानं, त्यात चहा-बिस्किटांचा वेळ व्याख्यानाएवढाच. (खरं ज्ञान त्या चहात मिळतं.) उन्हाळ्यात शनिवार-रविवारी क्लबच्या पेट्या उघडतात, नवख्याला अंगरखा देतात, माश्यांना धूर द्यायचं धुराडं हातात देतात. एखादी चौकट उन्हाकडे पाठ करून धरायला शिकवतात, म्हणजे घरांच्या तळाशी ऊन पोचतं आणि अंडी दिसतात. मला मामानं हे कधी सांगितलं नव्हतं, त्यालाही कोणी सांगितलं नसणार. मध काढायचं यंत्र आळीपाळीनं मिळतं, फाँडंट घाऊक आणतात. बहुतेक क्लबांच्या वर्गणीत विमाही येतो, तेवढं विचारून घ्या. जुन्या सामानाचा लिलाव असतो, तिथे रिकाम्या पेट्या घ्या, पण जुनी पोळी फुकट दिली तरी घेऊ नका, त्यातून फाउलब्रूड हा पिल्लांचा रोग घरी येतो.

दोन-चार डंख या वर्षी क्लबातच खाऊन घ्या. अंगाला किती सूज येते ते चार माणसांत कळलेलं बरं. पेटी पुढच्या मेमध्ये, पाच-सहा चौकटींची छोटी वसाहत, शक्यतो क्लबातल्याच कोणाकडून. तिच्या राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका असेल. 2026 सालच्या राणीला पांढरा, 2027 च्या राणीला पिवळा.