गाईंच्या अंगावरच्या गोचिडांमुळे घरातल्यांना माकडताप होऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, घराला लागून गोठा, गाई तीन आणि वरच्या अंगाला काजूची बागायत. गाईंना गोचीड फार झालेत. माकडताप किंवा काँगो ताप घरात येईल का, दूध प्यावं का, औषध कोणतं, असे तुमचे प्रश्न आहेत.

माकडताप गाईकडून थेट येत नाही, दुधातूनही येत नाही. गाय त्याने आजारीही पडत नाही. पण तो पसरवणाऱ्या रानगोचिडाची पैदास तिच्या रक्तावर होते, आणि बहुतेक लोक औषध मारतात ते नेमकं चुकीच्या महिन्यात.

हा रानगोचीड हिमाफायसॅलिस जातीचा. पावसाळ्यात त्याच्या मोठ्या माद्या रानात चरणाऱ्या गुरांना चिकटतात, रक्त पिऊन टम्म फुगतात आणि खाली पडून पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरात, हजारो अंडी घालतात. पाऊस सरला की अंड्यांतून निघालेली पिल्लं उंदीर, पक्षी, माकडं यांच्यावर चढतात. एखाद्या माकडाच्या रक्तात विषाणू असेल तर तो तिथेच पिल्लात शिरतो. पिल्लू कात टाकून पुढच्या अवस्थेत जातं, आणि साधारण डिसेंबर ते मे या काळात माणसाला चावते ती ही मधली अवस्था. ती जेमतेम तिळाएवढी असते, पायावर बसली तरी मातीचा कण वाटते. आपला काजूचा हंगाम नेमका त्याच महिन्यांत येतो. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार 2015 मध्ये सत्तरीत पाली गावात आला, तेव्हा बागायतीत राबणारी माणसंच त्याच्या तोंडी होती.

म्हणून रानात चरणाऱ्या गुरांवर औषध मारायचं ते जून ते सप्टेंबर. एप्रिलमध्ये मारलं तर गाईला आराम मिळेल, पण तुम्हाला चावणारा गोचीड तेव्हा गाईवर नसतोच. तुम्हाला आत्ता दिसतात ते बटाण्यासारखे फुगलेले राखाडी गोचीड बहुधा दुसऱ्याच जातीचे, सगळं आयुष्य एकाच गाईवर काढणारे. त्यांच्यामुळे गाईला लाल लघवीचा ताप येतो, तेव्हा त्यांचाही बंदोबस्त हवाच.

फवारणीसाठी 1.25 टक्के डेल्टामेथ्रिन 1 लिटर पाण्यात 2 ते 3 मिली, किंवा 12.5 टक्के अमिट्राझ 2 मिली. एका मोठ्या गाईला 3 ते 4 लिटर द्रावण लागतं. पाठीवर शिंपडून भागत नाही. कानाच्या आत कापडाने पुसा, गळ्याखालची पोळी, पुढच्या पायांच्या बगला, कास आणि शेपटीखाली नीट भिजवा. डोळे, नाक, जखमा टाळा, अंग सुकेपर्यंत तिला चाटू देऊ नका, आणि दूध काढण्याआधी कास धुवा. दोन आठवड्यांनी पुन्हा फवारा. त्याच दिवशी गोठ्याच्या भिंतींच्या भेगाही फवारा, नाहीतर तिथल्या अंड्यांतून नवी फौज येते आणि औषधाला नावं ठेवली जातात. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला नको, ते दुधात उतरतं. वासरांचा डोस पशुवैद्यांना विचारूनच.

गोठ्यात अंथरायला रानातला पातेरा आणता का? माझ्या मते तुमच्याकडे सर्वांत मोठा धोका तोच आहे. डिसेंबरनंतर भाताचा पेंढा वापरा.

बागायतीत जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल. घाम येतो तसं ते पुन्हा लावावं लागतं. बोंडू (काजूची फळं) वेचताना जमिनीवर बसू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि साबणाने आंघोळ. चिकटलेला गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. रॉकेल नको, काडीने चटका नको. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. मेलेल्या जनावरावरून उतरलेले गोचीड आसपासच पसरतात, म्हणून औषधाची भुकटी पडेपर्यंत तिकडे कोणी फिरकू नये.

काँगो ताप वेगळा. भारतात तो 2011 मध्ये गुजरातेत सापडला. त्याचा गोचीड हायलोमा, त्याच्या पायांवर पांढरी कडी असतात. बाधित गाय धडधाकट दिसते, पण आठवडाभर रक्तात विषाणू असतो. म्हणून गोचीड बोटांनी चिरडू नका. हातमोजे घालून काढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. गाय विताना किंवा जनावर कापताना हातमोजे हवेतच. दूध उकळून प्या, तो नियम सगळ्याच रोगांसाठी आहे.

आता माकडतापाची लक्षणं. चावल्यानंतर 3 ते 8 दिवसांत थंडी वाजून एकदम चढणारा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, पोटऱ्या-कंबर पिळून निघणं, उलट्या, क्वचित हिरड्यांतून रक्त. वाळपईच्या सरकारी दवाखान्यात लगेच जा आणि "काजूत गेलो होतो, गोचीड चावलाय" हे स्वतःहून सांगा, नाहीतर डेंगीच्या तपासणीवरच थांबतं. पहिल्या दिवसांत रक्तात विषाणू शोधणारी पीसीआर, पाचव्या दिवसानंतर प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम तपासणी. या विषाणूवर खास औषध नाही. पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल आणि प्लेटलेटवर नजर. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. जुनी लस आता वापरात नाही. काहींना बरं वाटल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी ताप पुन्हा येतो, मान आखडते, हात थरथरतात, बोलणं बरळल्यासारखं होतं. तेव्हा गावातल्या डॉक्टरकडे वेळ न घालवता बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) गाठा.