हूव्हर: केर ओढणारं आडनाव

लंडनला लेकीकडे राहून आलेल्या एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. नातू म्हणतो, ‘आजी, बाबा हूव्हर करतोय.’ म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय. यजमानांचं म्हणणं, यंत्र हवा ओढतं म्हणून ‘हूव्हर’, मूळ शब्द आपली ‘हवा’च असणार. जावई म्हणतो, ते जर्मन आडनाव आहे. कोण बरोबर?

जावई बरोबर. यजमानांची व्युत्पत्ती मला मनापासून आवडली, पण हवेचा इथे काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो जमिनीचा.

मूळ आडनाव ‘हूबर’. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या पट्ट्यात हूबर पैशाला पासरी मिळतात. ‘हूबं’ (उत्तरेकडे ‘हूफं’) हे जुनं जमीनमाप होतं: एका नांगराने उरकेल आणि एका कुटुंबाचं पोट भरेल एवढं रान. नेमकं किती, ते मुलखागणिक बदलायचं, आपल्या बिघ्यासारखंच. पुढचा ‘-अर’ आपल्या ‘-कर’च्या जवळचा. बर्लिनचा तो बर्लिनर, तसा हूबंवाला तो हूबर. हा काही जमीनदार नव्हे. वरच्या धन्याला धारा देणं, वेठीला जाणं त्यालाही चुकलेलं नव्हतं. पण गावात त्याचा पुरा वाटा असे आणि नुसतं खोपट बांधून राहिलेल्यापेक्षा मान जास्त. आपल्याकडच्या उपरी (बाहेरून आलेलं कूळ) आणि मिरासदार (पिढीजात हक्काने जमीन कसणारा) या जोडीतला मिरासदार डोळ्यांसमोर आणला की काम भागतं. मिरासदार हे आपल्याकडेही आडनाव झालंच की. असे हूबर गावोगावी स्वतंत्रपणे तयार झाले, त्यामुळे दोन हूबर भेटले म्हणजे ते भाऊबंद असतीलच असं नाही. दोन पाटील भेटल्यावर आपण कुठे तसं समजतो?

आता ‘ब’चा ‘व्ह’ कसा झाला? त्यासाठी ऱ्हाइन नदीकाठच्या फाल्ट्स प्रांतात जायला हवं. इंग्रज त्याला पॅलाटिनेट म्हणतात. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८ ते १६४८) हा मुलूख उजाड झाला. ओस पडलेली रानं कसायला स्वित्झर्लंडमधून शेतकरी आले, त्यांत हूबरही होते. घडी बसते न बसते तोच १६८९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी मानहाइम, हायडेलबर्ग, श्पायर ही शहरं जाळली. मग माणसं निघाली ती थेट समुद्रापार. १७०९ साली तर हजारो लोक लंडनला येऊन थडकले आणि ब्लॅकहीथच्या माळावर तंबूत राहिले. नातवाच्या गावाशी जर्मनांचं नातं असं जुनं आहे.

बहुतेकांची वाट मात्र ठरलेली होती: ऱ्हाइनवरून रॉटरडॅम, तिथून जहाजाने फिलाडेल्फिया. १७२७ पासून तिथे उतरणाऱ्या परदेशी पुरुषांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि त्यांच्या याद्या होत. यादी लिहिणारा कारकून इंग्रजी कानाचा, नाव सांगणारा फाल्ट्सच्या बोलीचा. त्या बोलीत दोन स्वरांमधला ‘ब’ ओठ न मिटता उच्चारतात. प्रमाण जर्मन ‘हाबन’ तिथे ‘हाव्वं’ होतं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. दीपचा दिवा आणि तापाचा ताव आपणही असेच ओठ सैल सोडून केले. तेव्हा ‘हूबर’ तोंडातून बाहेर पडतानाच ‘हूव्हर’सारखा पडत होता. इंग्रजाने तो दोन ‘ओ’ घालून लिहिला, एवढंच. कारकुनांनी परक्यांच्या नावांची मोडतोड केली अशा गोष्टी भरपूर सांगतात. इथे मला तरी कारकून निर्दोष वाटतो. त्याने कानावर पडलं ते लिहिलं.

एका घराण्याचा माग सरळ काढता येतो. फाल्ट्समधल्या एलरश्टाट गावचा आंद्रेआस हूबर १७३८ मध्ये पेनसिल्व्हेनियात आला. पुढे मेरीलँड, मग नॉर्थ कॅरोलायना. तिथे घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं झालं. पुढच्या पिढ्या ओहायोत आणि तिथून आयोवात सरकल्या. त्याच आयोवातल्या वेस्ट ब्रँच गावी १८७४ मध्ये हर्बर्ट हूव्हर जन्मला, तो १९२९ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

पण नातवाचा हूव्हर हा नव्हे. तो ओहायोतला चामड्याचा व्यापारी विल्यम हूव्हर. मोटारी आल्यावर घोड्यांच्या खोगिरांचा धंदा बसणार, हे त्याला दिसत होतं. जवळच कँटन शहरातल्या एका दुकानात जेम्स स्पँग्लर नावाचा झाडलोट करणारा माणूस होता. त्याला दमा, झाडताना धूळ नाकात जाई. म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ धरायला उशीचा अभ्रा असं जोडून यंत्र केलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि हूव्हरने ते विकत घेतलं. स्पँग्लर हेही मूळचं जर्मन ‘श्पेंग्लर’, म्हणजे पत्र्याचं काम करणारा. अक्कल पत्रेवाल्याची, नाव झालं मिरासदाराचं! हूव्हरच्या गावाचं नाव होतं न्यू बर्लिन. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हटलं की लोक चिडत, म्हणून १९१८ मध्ये ते नॉर्थ कँटन करून टाकलं. हूव्हर हे नाव मात्र एव्हाना इतकं इंग्रजी वाटू लागलं होतं की त्याला कोणी हात लावला नाही.

मला सगळ्यात मजा वाटते ती क्रियापदांची. कारण या एका आडनावाची दोन क्रियापदं झाली आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. महायुद्धात अमेरिकेच्या अन्नखात्याचा कारभार हर्बर्ट हूव्हरकडे होता. मंगळवारी मांस नको, बुधवारी गहू नको, असा त्याचा आग्रह. (१९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं, तसंच.) त्यावरून अमेरिकेत ‘हूव्हराइझ करणे’ म्हणजे जेवणात काटकसर करणे झालं. ब्रिटनमध्ये त्या यंत्रावरून ‘हूव्हर करणे’ रुळलं आणि ‘हूव्हर अप’ म्हणजे ताट चाटूनपुसून फस्त करणे! पहिलं क्रियापद युद्धाबरोबर मागे पडलं. पुढे मंदी आली आणि बेघरांच्या झोपडपट्ट्यांना लोक त्याच राष्ट्राध्यक्षाच्या नावाने ‘हूव्हरव्हिल’ म्हणू लागले. व्हॅक्यूम क्लीनर फिरवायला मात्र अमेरिकन माणूस ‘हूव्हर’ म्हणत नाही, ‘व्हॅक्यूम’ म्हणतो. नातू बॉस्टनला वाढला असता तर हा प्रश्न आलाच नसता.

मराठीत बोलताना ‘हूव्हर करतोय’ चालेल का, असंही बाईंनी विचारलंय. न चालायला काय झालं? झेरॉक्स आपण काढतोच, आणि डालडा तर कुठल्याही कंपनीचा असायचा. पुढच्या खेपेला गेलात तर सेंट्रल लाइनने पेरिव्हेलला उतरा. १९३० च्या दशकात बांधलेला हूव्हरचा पांढराशुभ्र कारखाना रस्त्यालगत अजून उभा आहे. आता तिथे फ्लॅट आहेत आणि मागे सुपरमार्केट. यजमानांनाही न्या, म्हणजे हवेचा विषय तिथेच मिटेल.