पहिला बुशवॉक: कटुंबा नको, आधी वेंटवर्थ फॉल्स

सिडनीत नवीन आहात, बुशवॉक म्हणजे रानातली पायी भटकंती करायचीय आणि गाडी नाही, तर ब्लू माउंटन्स लाइनची ट्रेन पकडा. सगळे कटुंबाला थ्री सिस्टर्स हे तीन सुळके बघायला धावतात. माझं ऐकाल तर आधी वेंटवर्थ फॉल्सला उतरा. स्टेशनजवळच्या विल्सन पार्कपासून चार्ल्स डार्विन वॉक सुरू होतो. १८३६मध्ये डार्विन इथे आला होता, म्हणून हे नाव. जेमिसन क्रीकच्या कडेकडेने थेट धबधब्याच्या माथ्यावर पोहोचता. पाऊस होऊन गेला असेल तर जळवा असणारच, मोजे लांब घाला.

निघायच्या आदल्या रात्री ट्रॅकवर्क, म्हणजे रुळांचं काम आहे का, ते बघाच. शनिवार-रविवारी बऱ्याचदा ट्रेनऐवजी बस असते, आणि तिला वेळ जास्त लागतो. पायवाट बंद नाही ना, हे नॅशनल पार्क्सच्या साइटवर कळतं. दरीत उतरल्यावर मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधीच डाउनलोड करा. ट्रेनमधून उतरल्यावर ओपल कार्ड (प्रवासाचं भाडं भरायचं कार्ड) टॅप करायला विसरू नका, नाहीतर जास्तीचं भाडं कापलं जातं.