कोणता खडा घेऊ? काही प्रश्न, काही रोखठोक उत्तरं

खनिजं आणि रत्नं ओळखणं हे माझं काम आहे. कुणाला बरं करणं माझ्या आवाक्यातलं नाही. तरीही 'अमुक त्रासावर कोणता क्रिस्टल चालेल?' हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, म्हणून या वेळी त्याच विषयाचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: रात्री अडीच-तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. कुणी अ‍ॅमेथिस्ट सांगतं, कुणी सेलेनाइट. उशीखाली कोणता ठेवू?

यांपैकी कोणताही खडा झोप आणतो, याला पुरावा नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ मध्ये ८० जणांवर केलेला एक प्रयोग मांडला होता. सगळ्यांनी हातात खडा धरून ध्यान केलं. काहींच्या हातात खरा क्वार्ट्झ होता, काहींच्या हातात नकली. ऊब, मुंग्या, मन शांत झाल्यासारखं वाटणं हे सगळं दोन्ही गटांना सारखंच जाणवलं. काय काय जाणवू शकतं हे ज्यांना आधी सांगून ठेवलं होतं, त्यांना ते जास्त जाणवलं.

म्हणून खडा घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. झोपण्याआधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, दिवा मंद करायचा आणि हातात काहीतरी गार, गुळगुळीत धरून थोडा वेळ गप्प बसायचं, याचा कित्येकांना फायदा होतो. तो फायदा त्या गप्प बसण्याचा असतो. तेवढ्यासाठी अ‍ॅमेथिस्ट घ्या. तो क्वार्ट्झच आहे, खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा आकड्यांत सांगणाऱ्या मोह्स श्रेणीत त्याचं काठिण्य ७, रोज हाताळला तरी खराब होत नाही. सेलेनाइट म्हणजे जिप्सम, काठिण्य २. नखानंही ओरखडा उठतो आणि कडेचे बारीक तंतू सुटतात, त्यामुळे तो उशीखाली अजिबात नको. आणि असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, सोबत दिवसभर मन उदास राहत असेल, तर खड्यांची निवड बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न: क्वार्ट्झमध्ये ऊर्जा असते हे तर विज्ञानानंच सिद्ध केलं आहे ना? घड्याळं त्यावरच चालतात.

घड्याळ चालतं ते बॅटरीवर. क्वार्ट्झ दाबला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार तयार होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलट बाजूनं त्याला बदलती वीज दिली की तो कंप पावतो. घड्याळातला स्फटिक चिमट्याच्या आकारात इतका मापून कापलेला असतो, की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि सर्किट ती कंपनं मोजून सेकंद ठरवतं. वीज बंद, की कंपनं बंद. खिशातल्या खड्याला ना वीज मिळते ना कुणी तो मापून कापलेला असतो, त्यामुळे तो नुसता पडून असतो. 'प्रत्येक स्फटिकाची स्वतःची फ्रिक्वेन्सी' असं विक्रेता सांगू लागला, तर किती हर्ट्झ आणि कशानं मोजली, एवढंच विचारून बघा.

प्रश्न: मॅलकाइट रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ते पाणी पिते. मैत्रीण लिंबू पिळायला सांगते. चालेल का?

नाही, आणि लिंबू तर मुळीच नको. हे उत्तर जरा लांबवते, कारण या सगळ्या छंदात खरा अपाय होण्याची जागा हीच आहे.

मॅलकाइट हे तांब्याचं कार्बोनेट आहे. साध्या पाण्यात ते फारच कमी विरघळतं, पण आम्ल मिळालं की फसफसून त्यातलं तांबं सुटतं. जास्त तांबं पोटात गेलं की मळमळ आणि उलट्या ठरलेल्या. पाण्याची बाटली आतून सुंदर दिसावी म्हणून लोक जे खडे टाकतात, त्यांतले काही याहून वाईट असतात. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड, गॅलेना शिशाचं, मनशीळ आणि हरताळ आर्सेनिकचे. निळाभोर चॅल्कँथाइट म्हणजे सरळ मोरचूद, तो तर पाण्यात सहज विरघळतो. पायराइट दमट हवेत हळूहळू कुजतो आणि त्यातून आम्ल तयार होतं. खडा निरुपद्रवी असला तरी त्यावर चढवलेला रंग, मेण किंवा भेगा भरणारं रेझिन यांचं काय, हे पाकिटावर बहुधा लिहिलेलं नसतं. माझा नियम साधा आहे: कोणताही खडा पिण्याच्या पाण्यात टाकायचा नाही. तो नियम क्वार्ट्झलाही लावा, म्हणजे ओळखण्यात गफलत झाली तरी निभावतं.

'शुद्धीकरणा'साठी मिठाच्या पाण्यात ठेवण्याबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. त्यानं सेलेनाइट झिजतो, पिरोजासारखा सच्छिद्र खडा डागाळतो. उन्हात 'चार्ज' करायला ठेवलेला अ‍ॅमेथिस्ट काळाच्या ओघात फिका पडतो, कुंझाइट तर फार लवकर. स्फटिकाचा गोळा खिडकीत ठेवलात तर तो भिंगासारखा ऊन एकवटतो आणि पडदा पेट घेऊ शकतो. चांदण्यात ठेवायची इच्छा असेल तर खुशाल ठेवा, चांदण्यानं काहीच होत नाही.

प्रश्न: भावाला बायपोलर आजारासाठी लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. लेपिडोलाइटमध्ये नैसर्गिक लिथियम असतं, म्हणून तो जवळ बाळगून गोळ्या कमी कराव्यात, असा सल्ला मिळाला आहे.

कृपा करून हा सल्ला ऐकू नका. लेपिडोलाइटमध्ये लिथियम असतं हे खरं आहे. तो जांभळट अभ्रकच आहे, आणि त्यातलं लिथियम सिलिकेटच्या जाळीत घट्ट बांधलेलं असतं. खाणवाल्यांना ते बाहेर काढायला आम्ल आणि भट्टीची उष्णता लागते. तळहाताच्या घामानं ते सुटत नाही, कातडीतून रक्तात उतरत नाही.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. लिथियम या औषधाची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, म्हणून तर रक्त तपासून डोस ठरवतात. ते मनानं कमी केलं की आजार उसळण्याचा धोका असतो, आत्महत्येचे विचारही परत येऊ शकतात. भावाला लेपिडोलाइटचा रंग आवडत असेल तर टेबलावर ठेवू द्या. गोळ्यांबद्दल जे बोलायचं ते त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांशीच बोला.

प्रश्न: आत्मविश्वासासाठी सिट्रीन मागवला. खाली पांढरा, टोकाला गडद नारिंगी आहे. फसवणूक झाली का?

अर्धीमुर्धी. तुमच्याकडे आला आहे तो बहुधा तापवलेला अ‍ॅमेथिस्ट. जांभळा अ‍ॅमेथिस्ट साधारण ४०० अंश सेल्सियसच्या पुढे तापवला की त्यातल्या लोहामुळे पिवळा-नारिंगी होतो. पांढरं बूड आणि जळाल्यासारखी टोकं ही त्याची खूण. नैसर्गिक सिट्रीन कमी मिळतो आणि बहुतेकदा फिका, धुरकट पिवळा असतो. तुमचा खडा खनिज म्हणून खोटा नाही, क्वार्ट्झच आहे. 'नैसर्गिक सिट्रीन' सांगून त्याच्या किमतीला विकला असेल तर मात्र पैसे परत मागा.

आता विषय निघालाच आहे तर: ओपलाइट आणि चमचमणारा गोल्डस्टोन या दोन्ही काचा आहेत, कारखान्यात बनतात. स्वस्त 'पिरोजा' पुष्कळदा रंगवलेला हाउलाइट निघतो. रंगाची शंका असेल तर नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापूस खड्याच्या मागच्या बाजूला घासून पाहा. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर ती काच समजा.

प्रश्न: जन्ममहिन्याप्रमाणेच खडा घ्यायला हवा का?

नको. आज चालते ती महिन्यांची यादी १९१२ मध्ये अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेनं ठरवली आणि २००२ मध्ये तिच्यात डिसेंबरसाठी टांझानाइटची भर पडली. टांझानाइट सापडला तोच १९६० च्या दशकात. त्याआधीच्या डिसेंबरात जन्मलेल्यांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

प्रश्न: बाळाला दात येताहेत. अंबरची, म्हणजे झाडाच्या अश्मीभूत राळेची, माळ घालू का?

नको. गळफास आणि मणी घशात अडकणं, हे दोन्ही धोके खरे आहेत. अशाच माळेमुळे गळा आवळून १८ महिन्यांचं बाळ दगावल्याचं सांगत अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ मध्ये पालकांना सावध केलं होतं. अंबरमधलं सक्सिनिक आम्ल कातडीतून जाऊन वेदना शमवतं, या दाव्याला आधार नाही.

प्रश्न: तुमचं सगळं पटतं, तरी अभ्यासाला बसताना हातात खेळवायला एक खडा हवा आहे. फ्लुओराइट एकाग्रतेसाठी चांगला म्हणतात, आणि मला तो दिसायलाही आवडतो.

हा मला सगळ्यांत आवडलेला प्रश्न, कारण यात खड्याकडून जेवढं मिळू शकतं तेवढंच मागितलं आहे. फ्लुओराइट दिसायला देखणाच, एकाच तुकड्यात हिरव्या-जांभळ्या पट्ट्या असतात. पण त्याचं काठिण्य ४ आहे आणि तो चार दिशांना अगदी सपाट फुटतो. एकदा फरशीवर पडला की संपलं. किल्ल्यांसोबत खिशात ठेवलात तर महिनाभरात चमक जाईल.

हातात खेळवायला अ‍ॅगेट किंवा जॅस्पर घ्या. दोन्ही क्वार्ट्झच्याच कुळातले आणि चिवट. शक्यतो प्रत्यक्ष हातात घेऊन निवडा: अंगठा कुठे टेकतो, वजन पेलतं का, कड बोचत नाही ना, एवढं बघा. खरेदी करताना खडा कोणत्या देशातून, कोणत्या खाणीतून आला हेही विचारा. म्यानमारमधल्या पाकांत इथल्या जेडच्या खाणीत जुलै २०२० मध्ये दरड कोसळून १७० हून अधिक माणसं गेली, तेव्हापासून मी हा प्रश्न सोडत नाही. फ्लुओराइट हवाच असेल तर छोटा घ्या आणि अभ्यासाच्या टेबलावर, पण कोपरापासून लांब ठेवा.