प्रकाशकाशी भांडून मुख्य डेव्हलपर निघून गेले, तर पुढचा गेम बिघडतोच का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बीजीएमआयवाल्या क्राफ्टॉनने जुलै २०२५ मध्ये ‘सबनॉटिका’ बनवणाऱ्या अननोन वर्ल्ड्सच्या तिघा प्रमुखांना पदावरून काढलं, २५ कोटी डॉलरपर्यंतच्या बोनसवरून प्रकरण कोर्टात गेलं. अशा स्टुडिओचा पुढचा गेम आधी पैसे भरून घ्यावा का? आणि दुसरं, कोड, इंजिन, नाव सगळं कंपनीकडेच राहतं, (इंजिन म्हणजे गेम ज्यावर उभा असतो तो सॉफ्टवेअरचा पाया) मग चार माणसं गेल्याने एवढं काय बिघडतं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आधी पैसे भरू नका. गेम आल्यावर आठवडाभर थांबा.

दुसऱ्यावर मात्र सविस्तर लिहितो, कारण ‘कोड आहे ना आपल्याकडे’ हे वाक्य या धंद्यातल्या प्रत्येकाने कोणा ना कोणा मॅनेजरच्या तोंडून ऐकलेलं असतं, आणि ते साफ चूक आहे.

‘कॉल ऑफ ड्यूटी’ ही मालिका बनवणाऱ्या इन्फिनिटी वॉर्डचं प्रकरण घ्या. हा स्टुडिओ २००२ मध्ये उभा राहिला तोच मुळी दुसरीकडून निघालेल्या माणसांवर. ओक्लाहोमातल्या तुल्सा शहरात ‘२०१५’ याच नावाचा एक स्टुडिओ होता, त्याने ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या प्रकाशकासाठी ‘मेडल ऑफ ऑनर: अलाइड असॉल्ट’ बनवला. तो बनवणारी बावीस माणसं बाहेर पडली. ॲक्टिव्हिजन या दुसऱ्या प्रकाशकाने त्यांना पैसे देऊन ३० टक्के हिस्सा घेतला आणि २००३ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आल्यावर उरलेला स्टुडिओही विकत घेतला. तेव्हा ईएकडे ‘मेडल ऑफ ऑनर’ हे नाव होतं, आधीचा कोड होता. माणसं नव्हती. पुढे ‘कॉल ऑफ ड्यूटी’ वर गेली आणि ‘मेडल ऑफ ऑनर’ मागे पडली, ते सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे माणसं निघून गेल्याने काय होतं हे ॲक्टिव्हिजनइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा सगळा फायदाच त्यातून झालेला.

२००७ मध्ये याच मालिकेतला ‘मॉडर्न वॉरफेअर’ आला. मार्च २००८ मध्ये स्टुडिओचे प्रमुख जेसन वेस्ट आणि विन्स झॅम्पेला यांनी पुढचा भाग बनवायचं कबूल केलं आणि बदल्यात लेखी करार घेतला, की ‘मॉडर्न वॉरफेअर’ या नावाखालच्या गेमवर सर्जनशील ताबा आपला. १० नोव्हेंबर २००९ ला ‘मॉडर्न वॉरफेअर २’ आला आणि पहिल्याच दिवशी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मिळून ४७ लाख प्रती खपल्या, ३१ कोटी डॉलर. जानेवारीपर्यंत आकडा १०० कोटी डॉलरच्या पुढे.

१ मार्च २०१० ला ॲक्टिव्हिजनने वेस्ट आणि झॅम्पेला या दोघांना काढलं. कारण दिलं कराराचा भंग आणि अवज्ञा. स्टुडिओच्या एन्सिनोतल्या ऑफिसात सुरक्षारक्षक येऊन उभे राहिले आणि आत बसलेल्यांना काय चाललंय हे कोणी सांगेना. दोन दिवसांत दोघांनी ३.६ कोटी डॉलरचा दावा ठोकला. रॉयल्टी हातात पडायच्या काही आठवडे आधी काढायचं निमित्त शोधलं, असं त्यांचं म्हणणं. ॲक्टिव्हिजनने उलटा दावा केला, की हे दोघे आधीपासून ईएशी बोलत होते. पुढे ईएलाच ४० कोटी डॉलरच्या दाव्यात ओढलं. एप्रिलमध्ये दोघांनी ईएच्या पाठबळावर रिस्पॉन हा नवा स्टुडिओ उघडला. त्याच महिन्यात इन्फिनिटी वॉर्डच्या ३८ आजी-माजी कर्मचाऱ्यांनी वेगळा खटला भरला: ‘मॉडर्न वॉरफेअर ३’ पूर्ण होईपर्यंत आम्ही हलू नये म्हणून आमचा बोनस अडकवून ठेवलाय. सगळं मिटायला मे २०१२ उजाडलं.

आता मुद्द्यावर येतो. कोड राहतो, मग जातं काय?

बंदुकीचं उदाहरण घेतो. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेत प्रत्येक बंदुकीची एक साधी टेक्स्ट फाइल असते. मॉड टूल्स (गेममध्ये स्वतः बदल करायची साधनं) वापरलेल्यांनी ती उघडून पाहिली असेल. त्यात दोन गोळ्यांमधला वेळ, झटका किती, बंदूक डोळ्याला लावायला किती सेकंद, असे शेकडो आकडे. समजा डोळ्याला लावायचा वेळ ०.२५ सेकंद आहे. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद, म्हणजे ही हालचाल १५ फ्रेमची. कोणी ती ०.३० केली की १८ फ्रेम. तीन फ्रेमचा फरक, पण खेळणारा दोन मिनिटांत म्हणतो, ‘जड वाटतेय’. तो आकडा ०.२५ का होता? ॲनिमेशन तेवढंच कापलं होतं म्हणून, की दारं आणि खिडक्यांमधली अंतरं त्या वेगाला धरून आखली होती म्हणून, की ०.२० वर नेटवर्कच्या उशिराने समोरच्याला बंदूक उचललेली दिसायच्या आधीच गोळी लागत होती म्हणून? फाइलमध्ये आकडा आहे, कारण नाही. कारण डिझायनरच्या डोक्यात आहे आणि डिझायनर दुसऱ्या इमारतीत बसलाय. नवीन माणूस मग दोनपैकी एक करतो. भीतीने आकड्याला हातच लावत नाही, आणि पुढचा गेम मागच्याची नक्कल होतो. किंवा सगळं बदलतो, आणि तोल जातो.

दुसरं नुकसान इतकं बारीक नसतं. परफोर्स या, टीमच्या फाइल्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल, मॅप असल्या बायनरी फाइल्स बहुधा एका वेळी एकालाच उघडता येतील अशा ठेवतात. माणूस अचानक बाहेर गेला की त्या फाइल्स त्याच्या नावावर कुलूपबंद राहतात. ॲडमिन कुलूप तोडतो, पण सबमिट न केलेलं काम त्याच्या मशीनच्या डिस्कवर असतं, आणि ते मशीन आयटीने तोवर कोरं केलेलं असतं. रात्रीचा बिल्ड (सगळ्या फाइल्स जोडून चालता गेम तयार करणं) कोणाच्या तरी वैयक्तिक लॉगिनवर चालत असतो. खातं बंद केलं की तिसऱ्या दिवशी बिल्ड पडतो आणि कारण सापडायला आठवडा जातो. कन्सोल कंपनीच्या पोर्टलवर सबमिशनचा, म्हणजे गेम तपासणीला पाठवायचा, अधिकार एक-दोन माणसांकडेच असतो. सर्टिफिकेशनमध्ये, म्हणजे त्या तपासणीत, कुठली अट दरवेळी अडवते हे ज्याला पाठ असतं तो गेला, की पहिल्या फेरीत पास होणारा गेम तिसऱ्या फेरीत होतो.

तुमच्यासारखे लोक इथे आकडा दाखवतात: नोव्हेंबर २०११ मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर ३’ने पहिल्या दिवशी ४० कोटी डॉलर कमावले, १६ दिवसांत १०० कोटी, मग बिघडलं काय? बिघडलं ते दुसऱ्या खात्यात लिहिलं गेलं. तो गेम पूर्ण करायला स्लेजहॅमर हा अख्खा स्टुडिओ जोडावा लागला. ते व्हिएतनामवरचा स्वतःचा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ बनवत होते, तो कायमचा गुंडाळला. रेव्हन हा आणखी एक स्टुडिओही मदतीला घेतला. शिवाय पात्रं, गोष्ट, इंजिन आणि खेळण्याचा साचा आधीच्या माणसांनी आखून दिलेला. त्या पुण्याईवर एक गेम निघतोच. नवीन जग शून्यातून उभं करायची वेळ २०१३ च्या ‘घोस्ट्स’मध्ये आली, आणि तिथे थंड प्रतिसाद मिळाला. २०१६ च्या ‘इन्फिनिट वॉरफेअर’च्या पहिल्या ट्रेलरवर यूट्यूबवर नापसंतीचा पाऊस पडला. पहिल्या वर्षाची विक्री बघून निकाल लावणाऱ्यांना हे दिसत नाही. परिणाम तीन ते सहा वर्षांनी वर येतो.

गेलेल्यांचंही सगळं छान झालं असं नाही, हे आता सांगायला हवं. रिस्पॉनकडे इंजिन नव्हतं. व्हॉल्व्ह कंपनीचं सोर्स हे इंजिन घेऊन त्याची मोडतोड करत ‘टायटनफॉल’ काढायला मार्च २०१४ उजाडलं, आणि त्यात एकट्याने खेळायची वेगळी कथा नव्हती. वेस्ट तर त्याआधीच, २०१३ मध्ये, रिस्पॉनमधून गेला. ‘टायटनफॉल २’ हा माझ्या मते त्या दशकातल्या उत्तम शूटरपैकी एक, पण तो २८ ऑक्टोबर २०१६ ला आला: एक आठवडा आधी ईएचाच ‘बॅटलफील्ड १’, एक आठवड्याने जुन्या स्टुडिओचा ‘इन्फिनिट वॉरफेअर’. मधल्या मध्ये चेंगरला. भांडण एका प्रकाशकाशी झालं आणि मार दुसऱ्याच्या वेळापत्रकाने दिला. खरं यश ४ फेब्रुवारी २०१९ ला ‘एपेक्स लेजेंड्स’ने दिलं, निघून गेल्यावर जवळपास नऊ वर्षांनी, आणि तोवर ईएने स्टुडिओ विकत घेतला होता.

तुम्ही स्वतः या क्षेत्रात असाल तर करार वाचताना दोन जागी थांबा. बोनस मिळायच्या दिवशी तुम्ही नोकरीत असणं बंधनकारक आहे का? आणि तुम्हाला दिलेला कुठलाही अधिकार नोकरी संपली की संपतो का? सर्जनशील ताब्याचं कलम कितीही छान लिहिलेलं असो, ‘कारण दाखवून’ काढायचा अधिकार समोरच्याकडे असेल तर त्या कारणाची व्याख्या त्याच करारात लिहून घ्या.

आणि मॅनेजर असाल तर शेवटच्या पंधरा दिवसांत वर्ड फाइलचा हँडओव्हर मागू नका, त्याने काही होत नाही. माणूस राहतोय तोवरच आकड्याशेजारी कारण लिहायची सवय लावा. दर तीन महिन्यांनी एका कोऱ्या मशीनवर, लीडचं (टीमप्रमुखाचं) लॉगिन न वापरता, पूर्ण सबमिशन बिल्ड काढून बघा. लीडने शेजारी बसायचं, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. तो जिथे जिथे बोलायला तोंड उघडेल, ती प्रत्येक गोष्ट टिपून घ्या. कंपनीकडे नसलेली गोष्ट नेमकी तीच.

एक अपवाद लोक मला नेहमी सुनावतात, की इन्फिनिटी वॉर्डनेच २०१९ चा ‘मॉडर्न वॉरफेअर’ उत्तम बनवला. बनवला. पण रिस्पॉनला गेलेले काही जुने हात तोवर परत आले होते. मोबीगेम्स या गेमची माहिती देणाऱ्या साइटवर २००९ आणि २०१९ च्या गेमचे क्रेडिट्स शेजारी-शेजारी उघडा आणि ॲनिमेशन, मल्टिप्लेअर डिझाइन, आर्ट या विभागांतली नावं ताडून बघा. तुम्ही ज्या गेमसाठी थांबला आहात, त्याचंही हेच करा; दहा मिनिटांचं काम आहे.