भावकीतला माणूस एकाच प्लॉटवर पुन्हा पुन्हा दिवाणी दावा टाकतोय, हे कायमचं थांबवता येतं का?

तुमच्या भावकीतल्या माणसाने तिसरा दावा टाकलाय म्हणता, तर मी त्यातूनच गेलोय. मी वकील नाही, सोलापुरात टॉवेलचा धंदा करतो, पण चुलतभावामुळे कोर्टाच्या पायऱ्या इतक्या चढलो की समोरचा चहावाला न विचारता कमी साखरेचा चहा देतो.

आमचा होटगी रोडचा प्लॉट, वडिलांनी १९९४ ला चुलत्यांकडून रीतसर खरेदीखत करून घेतलेला. चुलते होते तोवर काही नाही, ते गेल्यावर २००९ ला त्यांच्या मुलाने वाटपाचा दावा टाकला, तो पुराव्यानंतर फेटाळला गेला. मग दुसरा, मनाईचा, म्हणजे आम्हाला प्लॉटवर काही करू देऊ नका असा हुकूम मागणारा. तेव्हा कुणीतरी सांगितलं की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल ११ खाली अर्ज द्या, दावा सुरुवातीलाच उडतो. आपल्याकडं सातबारा पोरासोरांना पाठ, पण हे सात अकरा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आम्ही बारा पानांचा अर्ज दिला, त्यात घराण्याचा सगळा इतिहास, आधीचा निकाल, त्याची दारू, सगळं. जजसाहेबांनी एकच विचारलं, "हे त्यांच्या दाव्यात कुठं लिहिलंय?" अर्ज फेटाळला.

इथंच बहुतेक जण फसतात. सात अकराला कोर्ट फक्त समोरच्याचा दावा आणि त्याने सोबत जोडलेले कागद बघतं, तुमची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, बघतच नाही. आधीच्या निकालाने हा वाद मिटलाय हे दाखवायला जुने दावे, कैफियती, निकाल उघडावे लागतात, त्यामुळे ते सहसा इथं चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तेच सांगितलंय. तो बचाव सोडायचा नाही, तो कैफियतीत घ्यायचा, त्यावर कोर्टाकडून वेगळा मुद्दा काढून मागायचा आणि जुन्या सगळ्या दाव्यांच्या सर्टिफाईड नकला आजच काढून ठेवायच्या.

दुसरा दावा चुलतभाऊ तारखेला येईनाच म्हणून निकाली निघाला. २०१६ ला तिसरा आला, खरेदीखत फसवून केलं म्हणून रद्द करा. यावेळी नवीन वकीलबाईंनी मला काहीच बोलू दिलं नाही, दावाच दोनदा वाचला आणि त्यातल्या चौथ्या परिच्छेदावर पेन्सिलीने रेघ मारली. त्यात त्याने स्वतःच लिहिलेलं, की २००९ ला फेरफार बघितला तेव्हा खरेदीखताचं कळलं. आता खरेदीखत रद्द करून मागायची मुदत कळल्यापासून ३ वर्षं, आणि हा आला सात वर्षांनी! अर्ज दीड पानाचा, दावा तिथंच नामंजूर.

पण लगेच पेढे वाटू नका. त्याच ऑर्डर ७ च्या रूल १३ प्रमाणे नामंजूर झालेला दावा दोष काढून परत टाकता येतो, आणि नामंजुरीचा हुकूम डिक्रीच, म्हणजे दाव्याचा निकालच, धरतात म्हणून त्यावर अपील होतं, आमच्यावर झालंच. खर्च वसूल करू म्हणाल तर खोट्या दाव्याच्या भरपाईला त्याच संहितेच्या कलम ३५अ मध्ये ३००० रुपयांची मर्यादा आहे, माझा रिक्षा आणि चहाचाच खर्च त्याच्यावर गेला.

कायमचं बंद करायचा कायदा आहे, महाराष्ट्राचा १९७१ चा, सारखे खोटे दावे टाकणाऱ्यांसाठी. हायकोर्टाचा हुकूम झाला की त्या माणसाला आधी परवानगी काढल्याशिवाय केसच टाकता येत नाही. अडचण ही की अर्ज महाधिवक्त्यांमार्फतच, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलांमार्फतच, जातो, तुम्ही आम्ही सरळ देऊ शकत नाही, आणि दोन-तीन दाव्यांवर ते हलतील असं मला वाटत नाही. हां, सात अकराचा अर्ज फेटाळला तर रिव्हिजनला, म्हणजे तो हुकूम हायकोर्टाकडून तपासून घ्यायला, आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, त्याआधी मी दोनदा सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेलोय त्यासाठी.

तोवर कॅव्हेट, म्हणजे आधी आमचं ऐका असा कोर्टात अर्ज, टाकून ठेवा, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्टे मिळणार नाही. ते ९० दिवसच चालतं, परत टाकावं लागतं. माझ्या मोबाईलवर दर ८० दिवसांनी अलार्म वाजतो, नाव चुलतभावाचंच ठेवलंय, परवा जेवताना वाजला तर आई म्हणाली उचल की, बोल एकदा त्याच्याशी.